कंपाउंडची भिंत आणि परवानगीचा कागद

छत्रपती संभाजीनगरच्या सातारा-देवळाईत, मिटमिट्यात किंवा हर्सूलच्या पलीकडे कुणी प्लॉट घेतला, की घराचा नकाशा नंतर, आधी कंपाउंड. खरेदीखत हातात पडते न पडते तोच चार कोपऱ्यांत दगड रोवले जातात, काटेरी तार ओढली जाते आणि ऐपत असेल तर प्रीकास्टच्या पाट्या उभ्या राहतात. त्यामागची भीती खरी आहे. प्लॉट मोकळा दिसला की शेजारच्या बांधकामाची वाळू त्यावर येऊन पडते, कुणी जनावरे बांधतो, कुणी टपरी लावतो. कधी एकच प्लॉट दोघांना विकलेला निघतो. जागा आपली आहे हे सांगण्याची सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांना कळणारी खूण म्हणजे कुंपण. मग मालकाच्या मनात साहजिकच येते: जागा आपली, पैसा आपला, तर कुंपण घालायला महापालिकेला कशाला विचारायचे?

घराला परवाना लागतो, कंपाउंडला लागत नाही, असा छत्रपती संभाजीनगरात अनेकांचा समज आहे. गुत्तेदारही पुष्कळदा तेच सांगतो. कायद्यात मात्र तसे लिहिलेले नाही.

महापालिका ज्या कायद्याने चालते तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ सालचा आहे. त्यात ‘इमारत’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. घर, गोठा, शेड, झोपडी हे त्यात आहेच. शिवाय ओटा, जोते, पायऱ्या आणि भिंतीही आहेत. भिंती म्हणताना कायद्याने कंपाउंडची भिंत आणि इतर कुंपण यांचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी कंपाउंड ही इमारतच, आणि इमारत उभारायची तर आयुक्तांना आधी कळवून मंजुरी घ्यावी लागते. त्याच्या जोडीला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आहे. जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर केलेले बांधकाम त्याच्या दृष्टीने ‘विकास’ ठरते आणि विकासाला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. ती न घेता काम केले, तर एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दोन हजार ते पाच हजार रुपये दंड, अशी शिक्षा त्यात आहे. निव्वळ कंपाउंडसाठी सामान्य माणूस तुरुंगात जाईल असे कुणी म्हणणार नाही. पण नोटीस येते, भिंत पाडली जाते, पाडण्याचा खर्चही मालकाच्याच माथी येतो, आणि हे नुकसान छोट्या कुटुंबाला चांगलेच जाणवते.

खरे तर या परवानगीसाठी वेगळी धावपळ करण्याचे कारण सहसा पडत नाही. घराचा प्रस्ताव दाखल करतानाच वास्तुविशारदाला किंवा परवानाधारक अभियंत्याला नकाशात कंपाउंड दाखवायला सांगावे: लांबी किती, उंची किती, गेट कुठे. घराबरोबर तेही मंजूर होते. राज्यात २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने लहान प्लॉटधारकांची वाट बरीच सोपी केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण सोळाशे चौरस फुटांच्या प्लॉटवर नियमात बसणारे घर असेल, तर परवानाधारकाच्या सहीचा नकाशा आणि शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटसाठी वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रावर झटपट मंजुरीची सोय आहे. मोठ्या प्रस्तावांना वेळ लागतो. तिथे साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद १९६६ च्या कायद्यात आहे, पण प्रस्ताव नियमात बसत असेल तरच. चुकीचा नकाशा साठ दिवस पडून राहिला म्हणून तो बरोबर ठरत नाही.

जुन्या कंपाउंडचे काय? दुरुस्तीला कायद्याने मोकळीक ठेवली आहे. प्लास्टर उखडले, रंग गेला, गेटची बिजागरी निखळली, दोन-चार विटा ढिल्या झाल्या, यासाठी कुणाकडे जायची गरज नाही. बाहेरून दिसणारे रूप फारसे न बदलणारी देखभाल सूटपात्र आहे. भिंत जोत्याच्या वरून निम्म्याहून जास्त पाडून पुन्हा उभारली, की मात्र ते नव्याने बांधणेच झाले. तारेचे कुंपण काढून तिथे विटांची भिंत घेणे किंवा चार फुटांची भिंत आठ फुटांवर नेणे याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. या बाबतीत शंका असली तर नगररचना विभागाला साधा लेखी अर्ज देऊन विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे. तोंडी ‘चालतंय’ पुढे कुणी ओळखत नाही.

आता उंची. सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर. खास परवानगी नसेल तर कंपाउंडच्या भिंतीची कमाल उंची दीड मीटर, म्हणजे जवळपास पाच फूट. ही उंची घराच्या अंगणातून मोजायची नसते. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजायची असते. शहरात डांबरावर डांबर आणि त्यावर काँक्रीट चढून अनेक गल्ल्यांतले रस्ते अंगणापेक्षा वर गेले आहेत. अशा घरातून सहा फुटी वाटणारी भिंत रस्त्यावरून नियमात बसलेली असू शकते. उलट प्लॉट भर टाकून उंचावलेला असेल, तर आतून चार फुटी दिसणारी भिंत बाहेरून मर्यादा ओलांडते. दीड मीटरने भागत नसेल तर २.४ मीटरपर्यंत, म्हणजे आठ फुटांच्या आसपास जाता येते. अट इतकीच, की वरचा ०.९ मीटरचा भाग आरपार दिसणाऱ्या जाळीचा किंवा रेलिंगचा हवा. शाळा, रुग्णालये, कारखाने, वीज उपकेंद्रे यांना २.४ मीटरची परवानगी मिळू शकते, आणि कारागृहाच्या भिंतीला या मर्यादा लागू नाहीत.

कोपऱ्यावरच्या प्लॉटला नियम आणखी कडक आहे, आणि तो तसाच असायला हवा. दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत पक्की भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फूट. त्यावर आणखी ०.७५ मीटर हवे असेल तर जाळीच घालायची. कारण उघड आहे. सिडकोच्या एन-सेक्टरांतल्या कुठल्याही चौकात संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहिले तरी ते पटते: शिकवणीहून येणारी सायकलवरची मुलगी, उलट बाजूने येणारी रिक्षा, आणि मध्ये कोपऱ्याच्या घराची सहा फुटी भिंत. दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागतो तो ब्रेक दाबायला उशीर झाल्यावर. कोपऱ्याचा प्लॉट जास्त पैसे मोजून घेतला जातो, त्यामुळे मालकाला भिंतही भारदस्त हवी असते. तरी या एका नियमात कुणीही सवलत मागू नये असे मनापासून वाटते.

गेटचेही तसेच. ते पूर्णपणे आत उघडले पाहिजे. रस्त्यावर, बोळात किंवा पायवाटेवर उघडणारे गेट नियमबाह्य आहे. प्लॉट लहान, गाडी मोठी, म्हणून अनेक जण गेट बाहेर उघडणारे करतात. त्यावर उपाय आहे: सरकते गेट किंवा घडीचे गेट. फॅब्रिकेशनवाल्याला माप देतानाच ते सांगितले तर पुढचे भांडण टळते.

शहरात खरा वाद होतो तो कंपाउंडच्या बाहेरच्या दोन-तीन फुटांवरून. भिंत स्वतःच्या हद्दीत असते, पण तिच्यापुढे रस्त्याच्या कडेला लोखंडी ग्रिल लावून बाग केलेली असते, गाडी चढवायला काँक्रीटचा रॅम्प असतो, पायऱ्या असतात. जास्वंद-मोगरा लावणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ती जागा रस्त्याची आहे, आणि रस्त्यावर भिंत, कुंपण, रेलिंग, खांब किंवा पायरी उभी करायला १९४९ च्या कायद्याने बंदी आहे. अशी वस्तू आयुक्त नोटीस न देताही काढून टाकू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बुलडोझर कारवाईबाबत निकाल दिला, तेव्हा पाडकामापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली.  त्या निकालाने नागरिकांना मोठे संरक्षण दिले, मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा किंवा नदी-जलाशय यांवरील अनधिकृत बांधकाम त्यातून वगळले. म्हणजे अंगणातल्या चुकीला नोटीस मिळेल. रस्त्यावरच्या ग्रिलला ती मिळेलच असे नाही. २०२५ च्या पावसाळ्यात मुकुंदवाडीपासून जालना रस्ता, बीड बायपास, पैठण रस्ता या भागांत महापालिकेने रस्ता रुंदीकरणासाठी मोहीम राबवली, तेव्हा किती घरांचे, दुकानांचे पुढचे भाग एका दिवसात गेले हे शहराने पाहिले. रस्ता विकास आराखड्यात किती रुंद दाखवला आहे, हे भिंतीचा पाया खणण्याआधी नगररचना विभागातून विचारून घ्यावे, आणि ते उत्तरही लेखीच घ्यावे.

एवढे झाले तरी कंपाउंडमधला सर्वांत जुना प्रश्न परवानगीने सुटत नाही. भिंत नेमकी कोणत्या रेषेवर बांधायची? महापालिका नकाशा मंजूर करते. शेजाऱ्याबरोबरची हद्द ठरवून देत नाही. हद्द ठरते ती भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीने. शहरात नगर भूमापन कार्यालय, इतरत्र तालुक्याचे उपअधीक्षक कार्यालय. ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज केला, फी भरली, की लगतच्या सर्व धारकांना नोटिसा जातात. भूकरमापक ठरल्या दिवशी यंत्र घेऊन येतो, कोपऱ्यांच्या खुणा दाखवतो आणि काही दिवसांनी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. शेजाऱ्याला ती मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी. ही सगळी वाट वेळखाऊ आहे. मोजणीच्या दिवशी शेजारी हजर राहत नाही, कधी रोवलेली खूण रात्रीत नाहीशी होते. तरीही बांधकामाच्या क्रमात मोजणी पहिली यायला हवी. उलट क्रमाने गेलेल्यांची कागदपत्रे दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे फिरत असतात, आणि भांडणाचा विषय असतो फूटभर जमीन.

शेजाऱ्याची भिंत आपल्या हद्दीत आली आहे असे वाटत असूनही ‘जाऊ द्या, संबंध बिघडतील’ म्हणून गप्प बसणाऱ्यांनी एक मुदत ध्यानात ठेवावी. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार, मालकाच्या हक्काला न जुमानता कुणी उघडपणे बारा वर्षे जागा ताब्यात ठेवली, तर ती परत मिळवण्याचा मूळ मालकाचा दावाच मुदतबाह्य होऊ शकतो. म्हणून संबंध सांभाळूनही लेखी पत्र द्यावे. दोघांच्या मधली भिंत सामाईक ठेवायची असेल, तर खर्च कुणाचा किती, दुरुस्ती कुणी करायची, दोन्ही बाजूंनी खिळा ठोकता येईल का, हे साध्या करारात लिहून ठेवावे. मराठवाड्यात शब्दाला मान आहे. पण भिंत पन्नास वर्षे उभी राहते आणि शब्द देणारी माणसे तेवढी राहत नाहीत.

गुंठेवारीत ही अडचण दुप्पट होते. शहराचा मोठा भाग गुंठेवारीत वाढला आहे. तिथे पुष्कळ व्यवहार बॉण्डपेपरवर झाले आणि हद्द ठरली ती विकणाऱ्याने पावलांनी मोजून दाखवली तशी. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेण्याची सोय झाली. ज्यांनी फाइल दाखल करून प्रमाणपत्र मिळवले, त्यांच्या हाती निदान एक अधिकृत नकाशा आला. ज्यांनी ते केले नाही, त्यांचे कंपाउंड कितीही भक्कम असले तरी त्याच्या पाठीशी कागद नाही.

परवानगी कुठे मागायची, हेही पत्त्यावर अवलंबून आहे. सिडकोच्या सेक्टरांत भूखंड भाडेपट्ट्याचे आहेत, त्यामुळे बांधकाम परवानगीबरोबर भाडेकराराच्या अटीही पाहाव्या लागतात. छावणीत कटक मंडळ, चिकलठाणा-वाळूज औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी. गावठाणात ग्रामपंचायत कायद्यानुसार पंचायतीच्या संमतीचा प्रश्न येतो. फ्लॅटवाल्यांच्या सोसायटीत कंपाउंड कुणा एकाचे नसते. तिथे सर्वसाधारण सभेचा ठराव आधी आणि अर्ज नंतर.

काही ठिकाणी परवानगीचा प्रश्न महापालिकेच्याही वर जातो. हे शहर जुने आहे, त्याला स्वतःचाच तट होता. मलिक अंबरने १६१० मध्ये ते खडकी या नावाने वसवले आणि पुढे औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास मराठ्यांच्या हल्ल्यांच्या धास्तीने त्याच्याभोवती भिंत बांधली. बावन्न दरवाजांचे शहर ही ओळख त्याच काळातली. इथल्या जुन्या वास्तूंपैकी बीबी का मकबरा आणि औरंगाबाद लेणी ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. अशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र, असे २०१० मध्ये दुरुस्त झालेला पुरातत्त्व कायदा सांगतो. बेगमपुऱ्यातल्या किंवा पहाडसिंगपुऱ्यातल्या कुटुंबाला पडलेली भिंत दुरुस्त करायची असली तरी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना हे जाचक वाटते आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. छोट्या दुरुस्तीचा निर्णय पटकन मिळावा ही त्यांची अपेक्षा रास्त आहे. खाम आणि सुखना नद्यांच्या काठी पूररेषा पाहावी लागते. निळ्या पूररेषेच्या आत घातलेली पक्की भिंत पाणी थोपवते आणि ते पलीकडच्या वस्तीत शिरते. सीमेवर कडुलिंब उभा असेल तर तो तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने वेगळी परवानगी लागते. भिंतीला तिथे वळसा देणे केव्हाही बरे.

परवानाधारक अभियंत्याची सही का हवी, याचे उत्तर जमिनीत आहे. शहराच्या बऱ्याच भागात वरचा थर काळ्या मातीचा आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर दीड फूट पाया खणून उभी केलेली भिंत दोन पावसाळ्यांत बाहेर झुकते. आधी कोपऱ्यात तिरकी चीर पडते, मग गेटची कडी बसेनाशी होते. पाया मुरमापर्यंत न्यायचा, ठरावीक अंतरावर आरसीसी कॉलम घ्यायचे, लांब भिंतीत मधे सांधा सोडायचा आणि तळाशी पाणी निघायला पाइप ठेवायचे, ही कामे गुत्तेदाराच्या दरपत्रकात नसतात, नकाशावर असतात. सातारा डोंगराच्या उतारावर तर एका बाजूला माती भरलेली असते. तिथली भिंत कंपाउंड राहत नाही, ती मातीचा भार पेलणारी भिंत होते आणि तिचा हिशोब अभियंत्यानेच करायला हवा. पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ च्या पहाटे एका सोसायटीच्या आवाराची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर तीनच दिवसांनी मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची भिंत पडून त्याहून मोठी जीवितहानी झाली. झोपेत गेलेल्या त्या माणसांनी त्या भिंती बांधल्या नव्हत्या आणि त्या त्यांच्या मालकीच्याही नव्हत्या.

हे नियम फक्त आपल्याकडेच आहेत असे नाही. इंग्लंडमध्ये वाहनांच्या रस्त्यालगत एक मीटर आणि इतरत्र दोन मीटरपेक्षा उंच कुंपणाला नियोजन परवानगी लागते. अमेरिकेत घरबांधणीची जी नमुना संहिता अनेक राज्यांनी स्वीकारली आहे, तिने सात फुटांपर्यंतच्या कुंपणाला परवान्यातून सूट दिली आहे. स्थानिक शहर ती मर्यादा कमी करू शकते. पुण्या-संभाजीनगराहून तिकडे गेलेल्या कुटुंबांना शहराच्या परवान्यापेक्षा वसाहतीच्या घरमालक संघटनेची संमती मिळवताना जास्त पत्रे लिहावी लागतात, कारण कुंपणाचा रंग आणि लाकूडही ती संघटना ठरवते. तिकडच्या पद्धतीतली एक गोष्ट इथे यावी असे वाटते: ठरावीक उंचीखालच्या, रस्त्यापासून आत असलेल्या, साध्या जाळीच्या कुंपणाला स्पष्ट शब्दांत सूट. दीड मीटरच्या आतली चेन लिंक जाळी आणि आठ फुटी दगडी भिंत एकाच व्याख्येत कोंबल्याने सामान्य माणूस दोन्हीसाठी अर्ज करत नाही, आणि कोपऱ्यावरची धोकादायक भिंतही त्या गर्दीत लपून जाते.

ज्यांचे कंपाउंड परवानगीविना आधीच उभे आहे, त्यांच्यासाठीही वाट आहे. नोटीस आल्यावर, किंवा त्याआधीच, ते बांधकाम कायम ठेवण्यासाठी १९६६ च्या कायद्याखाली अर्ज करता येतो. भिंत स्वतःच्या हद्दीत असेल, उंची मर्यादेत असेल आणि गेट आत उघडत असेल तर शुल्क भरून ती मंजूर होण्यास सहसा अडचण नसावी. उंची जास्त असेल तर संपूर्ण भिंत पाडायचे कारण नाही. वरचे काही थर उतरवून तिथे जाळी बसवता येते, कोपऱ्यावर अडीच फुटांपर्यंत खाली येता येते. अर्जासोबत मालकीचा पुरावा, म्हणजे खरेदीखत आणि मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मोजणीची ‘क’ प्रत, मूळ बांधकाम परवानगी असल्यास तिची प्रत आणि परवानाधारकाच्या सहीचा नकाशा, एवढे कागद आधीच जुळवून ठेवावेत. रस्त्यावर आलेला भाग मात्र कुठल्याही शुल्काने नियमित होत नाही. तो स्वतःहून काढून घेतला तर लोखंड आणि गेट तरी हाती राहते.